जहाजाचे लाकूड आणि चाकराची कुऱ्हाड : राज्यकर्त्यांची निसर्गदृष्टी व सेवकांचे आचरण

कचेरीतील अथवा कारखान्यातील माणूस कामाच्या जागी पाणी, वीज, कागद, लाकूड यांसारख्या वस्तू कशा वापरतो, हे त्याच्या वरिष्ठांच्या निसर्गविषयक दृष्टीवर कितपत अवलंबून असते, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात अलीकडे बराच चर्चिला गेला आहे. कॅनडातील जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या चर्चेत वारंवार आधारासाठी घेतला जातो. वरिष्ठ स्वतः जे आचरतो आणि जे बोलून दाखवतो, त्याचा ठसा हाताखालच्या माणसांच्या वर्तनावर उमटतो, हे त्याचे सार. या प्रकारचे बहुतेक लेखन प्रश्नावल्या आणि संख्याशास्त्र यांवर उभे असून त्याला इतिहासाची जोड क्वचितच मिळते. प्रश्न मात्र जुना आहे. जुन्या काळी माणसांना चाकरीस ठेवणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे राज्य. रान, पाणी, गवत, सरपण यांचा उपसा करणारे हात बव्हंशी राज्याच्या चाकरांचेच असत. त्या हातांना राज्यकर्ते काय शिकवीत होते आणि कोणत्या रीतीने शिकवीत होते, याची कागदपत्रे मराठीत आहेत. ती अन्य भारतीय प्रदेशांतील अनुभवाशेजारी ठेवून वाचली असता आजच्या चर्चेत सहसा न आढळणारी एक गोष्ट ध्यानात येते. चाकराची नजर आजच्या गरजेवर असते. तिला उद्याचा काळ दाखविणे आणि तो काळ येईपर्यंत थांबण्याचा खर्च स्वतः सोसणे, या दोन गोष्टी राज्यकर्त्याने केल्या तरच त्याची निसर्गदृष्टी चाकराच्या हातात उतरते.

यांपैकी पहिला कागद १६७३ च्या मे महिन्यातला आहे. शिवछत्रपतींचे घोडदळ पावसाळ्याच्या छावणीसाठी चिपळूण परिसरात उतरलेले होते. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून लिहिलेले हे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून ते नेहमी पुढे केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा पुष्कळसा भाग गवत, दाणा आणि विस्तव यांविषयी आहे, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही.

पत्रातील युक्तिवाद क्रमाने पाहण्याजोगा आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा व वैरण साठवून ठेवलेली आहे. ती आताच मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसात काही उरणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि त्या घोड्यांच्या मृत्यूचे धनी वैरण उधळणारेच ठरतील. पुढे हीच माणसे कुणब्यांच्या घरी जातील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. मग कुणबी परागंदा होतील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना मोगल परवडले असे वाटू लागेल. म्हणून जे लागेल ते बाजारातून विकत आणावे. याच्या पाठोपाठ विस्तवाचा भाग येतो. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल मांडेल, कोणी आगटी पेटवील, कोणी चिलीम ओढील. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण व छपरे जळून जातील. उंदराचा हा तपशील वाचकाच्या ध्यानात राहतो. राज्याचा धनी छावणीतल्या उंदराचा विचार करतो, ही गोष्ट हवालदाराच्याही ध्यानात राहिली असावी.

या पत्रात निसर्गप्रेमाचा उल्लेख नाही आणि तो शोधू नये. गवत हे लष्करी साधन आहे. घोडा जगावा म्हणून ते राखावयाचे. मात्र साधन राखण्याची जी रीत येथे दिसते ती नुसत्या मनाईची नाही. प्रत्येक मनाईमागे तिचे कारण आहे, आणि ते कारण काळाच्या ओघात मांडलेले आहे : आज, मग पावसाळा, मग घोड्यांचे मरण, मग कुणब्याचे दार, मग राज्याची अपकीर्ती. चाकराला एका मुठीतल्या गवतापासून राज्याच्या नावलौकिकापर्यंतची साखळी दाखविली आहे. दुसरे असे की, कुणब्याकडून घेऊ नका असे सांगताना विकत घ्या असेही सांगितले आहे. चाकराला आज्ञा पाळता येईल अशी वाट मोकळी ठेवून मग आज्ञा केली आहे. १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात हाच मार्ग आढळतो. रयतेच्या भाजीच्या देठावरही सुभेदाराने मन ठेवू नये, असे तेथे बजावले आहे. परंतु त्याच पत्रात ज्याला बैल नाहीत त्याला बैलासाठी पैका आणि पोटाला दाणा द्यावा, असेही सांगितले आहे.

दुसरा कागद म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र. राज्याभिषेकसमयीच्या अष्टप्रधानांत असलेले, आणि राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रातील कारभार सांभाळणारे रामचंद्रपंत यांनी उतारवयात, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते सिद्ध केले. त्यातील वृक्षांविषयीचा उतारा लोकप्रिय लेखनात बहुधा थेट शिवाजी महाराजांची आज्ञा म्हणून दिला जातो. तो तसा नाही. शिवकालीन वहिवाटीचे स्मरण त्यात आहे हे खरे, पण तो अमात्यांचा शब्द आहे आणि सुमारे चाळीस वर्षांच्या कारभाराच्या अनुभवातून तो आला आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. राजाची एखादी आज्ञा तात्कालिक असू शकते; आज्ञापत्रात ती पुढच्या पिढीच्या कारभाऱ्यांसाठी नीती म्हणून बांधली गेली, म्हणजे एका धन्याची दृष्टी संस्थेच्या शिस्तीत रूपांतरित करण्याचा तो प्रयत्न होता.

आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार आहे. जहाजास फळ्या, सोट, डोलकाठ्या असे थोर लाकूड लागते. स्वराज्यातील रानात सागासारखी जी झाडे असतील त्यांपैकी अनुकूल असेल ते हुजुराची परवानगी घेऊन तोडावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांसारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात. ती तोडल्यावर लोकांच्या दुःखास पारावार राहणार नाही, आणि एकास दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासह अल्पकाळात लयास जाते. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. जबरदस्ती मुळीच करू नये. उताऱ्याचा आशय हा असा आहे.

जहाजे बांधणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याला हे सांगणे सोपे नव्हते. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज अशा दर्यावरील शत्रूंशी ज्याला तोंड द्यावयाचे त्याच्या दृष्टीने किनाऱ्यावरील प्रत्येक परसातला जुना फणस म्हणजे आयते लाकूड. ते सोडून परमुलखातून सागवान आणावयाचे तर वेळ लागणार आणि पैका लागणार. अमात्यांनी हा खर्च स्पष्टपणे राज्याच्या पदरी टाकला आहे. आजच्या भाषेत ज्याला पर्यावरणीय धोरण म्हणतात त्याची परीक्षा येथेच होते. वरिष्ठाला झाड हवे आहे आणि लाकूडही हवे आहे. मधल्या तुटीची भरपाई कोणी करावयाची, हे त्याने सांगितले नाही तर हाताखालचा माणूस ती सर्वांत दुबळ्या माणसाकडून करून घेतो. कुऱ्हाड पाटलाच्या वाड्यामागच्या झाडावर न पडता विधवेच्या परसातल्या झाडावर पडते, हे कोणत्याही काळातल्या महसुली कारभाराचा परिचय असणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुर्गांच्या प्रकरणात गडावरील नोकरांच्या दैनंदिन वागणुकीचे नियम येतात, आणि ते अधिकच बोलके आहेत. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून राखीव पाण्याची टाकी बांधावी आणि त्यातले पाणी खर्च होऊ देऊ नये. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटालगत केर पडू देऊ नये. तो गडाखाली न टाकता जागजागी जाळावा आणि राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा. गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ हे थोर वृक्ष, लिंबे-नारिंगे यांसारखे लहान वृक्ष, फुलझाडे, वेली, किंबहुना उपयोगाचे असो वा नसो, जे झाड होईल ते लावावे आणि जतन करावे. प्रसंगी लाकूड म्हणून तरी ते कामास येईल. गडाभोवतीच्या झाडीची तर एक काठीही तोडू देऊ नये, कारण प्रसंगी तीत बंदूकवाले बसवावयाचे असतात.

राखेवर भाजी पिकविण्याची ही सूचना आज वाचताना कौतुक वाटते. परंतु तिचा अर्थ गडाच्या भूगोलातून उमगतो. गडावर सर्व काही खालून चढवून आणावे लागे. चढविलेली वस्तू वाया जाणे म्हणजे माणसाची मजुरी वाया जाणे. वेढा पडला की हाच भाजीपाला शिबंदीला उपयोगी पडणार. म्हणजे घरोघरी भाजी लावणाऱ्या गडकऱ्याला स्वतःचा लाभ आज मिळत होता आणि राज्याचा लाभ वेढ्याच्या दिवशी मिळणार होता. चाकराचा स्वार्थ आणि धन्याची दूरदृष्टी यांची इतकी साधी सांगड क्वचित पाहावयास मिळते. हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या परस्परांवर नजर ठेवणाऱ्या रचनेत हे नियम बसविलेले होते, हेही विसरता येत नाही. एकट्या सदुपदेशावर गड चालत नसे.

आज्ञा म्हणजे आचरण नव्हे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने बाळगावयाची सावधगिरी येथेही लागू आहे. ज्या गोष्टीची मनाई पुनःपुन्हा करावी लागते ती गोष्ट घडत असते. कुणब्याच्या दारी जाऊ नका असे सैन्याला बजावावे लागले, याचा अर्थ सैन्याचा ओढा त्या दाराकडे होता. या कागदांवरून मराठी राज्यातला प्रत्येक हवालदार वृक्षरक्षक होता असे सिद्ध होत नाही, आणि अठराव्या शतकातील फौजांच्या दूरदेशीच्या मोहिमांत रयतेच्या पिकांची काय अवस्था झाली हे बंगाल-ओरिसाच्या वाचकाला सांगावयास नको. सिद्ध होते ते इतकेच की, चाकराचा हात कशाने आवरतो याविषयी या राज्यकर्त्यांना नेमकी जाण होती. ती जाण नसलेले शासन काय करते, याचे उदाहरण पुढच्याच शतकात, त्याच सागवानाच्या निमित्ताने, मलबारात घडले.

श्रीरंगपट्टणच्या तहाने १७९२ मध्ये मलबार इंग्रज कंपनीच्या ताब्यात आला. इंग्लंडमध्ये ओकचे लाकूड दुर्मिळ होत चालले होते आणि नेपोलियनशी युद्ध चालू होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर मलबारी सागाची उत्कृष्ट जहाजे बांधीत होते. १८१७ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली उतरविलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे. ही गरज भागविण्यासाठी १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस खात्यातील अधिकाऱ्याची मलबार व त्रावणकोरच्या जंगलांचा संरक्षक म्हणून नेमणूक झाली. जंगलांसाठी असा अधिकारी नेमण्याची ब्रिटिश अमलाखालील भारतातील ही पहिली वेळ.

पदाचे नाव संरक्षक; काम मात्र लाकूड मिळविण्याचे. मलबारची जंगले परंपरेने जन्मी म्हणविल्या जाणाऱ्या जमीनमालकांच्या मालकीची होती. १८०७ च्या जाहीरनाम्याने सागावर कंपनीचा हक्क सांगितला गेला आणि परवान्याविना तोड बंद करण्यात आली. पुढील काही वर्षांत वॉटसनने सागाच्या व्यापाराची मक्तेदारी उभी केली, मालकांचे हक्क बाजूला सारले आणि शेतकऱ्यांना सरपण तोडण्यासही अटकाव केला. गोदीला लाकूड मिळाले. पण त्याच्या नोकरांना शिकविले गेले ते एवढेच : झाड म्हणजे सरकारी माल आणि त्याच्याजवळ येणारा माणूस म्हणजे चोर. नवे झाड लावण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणावर नव्हती. अमात्यांच्या आज्ञेत संयम चाकरावर होता आणि भरपाई रयतेला होती. येथे संयम रयतेवर लादला गेला आणि चाकर मोकळा राहिला. असंतोष इतका वाढला की, मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२३ मध्ये हे पदच मोडीत काढले. मन्रोचा विश्वास असा की, मालकाला त्याच्या झाडाचे मोल मिळू दिले तर तोच ते राखील. हा विश्वासही पुरता खरा ठरला नाही. बाजार खुला झाल्यावर मालकांनीच तोड वाढविली, आणि १८४० पर्यंत गोदीसाठी सागाची चिंता पूर्वीपेक्षा अधिक झाली.

या टप्प्यावर मलबारचा कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कोनोली पुढे येतो. त्याने प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. जी जंगले तुटली त्यांच्या जागी दुसरी कोण लावणार? कंपनीची स्वतःची सोयीची जमीन तेथे नव्हती, म्हणून निलंबूर भागात स्थानिक जमीनमालकांशी करार करून जमीन घेण्यात आली. चालियार नदीच्या काठची गाळाची माती सागाला उत्तम, आणि कापलेले ओंडके त्याच नदीतून कोळिकोडकडे सोडता येत. १८४२ च्या सुमारास लागवडीस प्रारंभ झाला, पण बी रुजेना. सागाचे फळ कठीण कवचाचे. ते सहज उगवत नाही. पहिल्या वर्षांचे प्रयोग वाया गेले. १८४४ पासून रोपवाटिकेत रोपे तयार करून पावसाच्या तोंडावर ती लावण्याची पद्धत बसत गेली आणि लागवड मार्गी लागली.

या यशाचे श्रेय कोनोलीला दिले जाते, आणि निलंबूर येथील जुन्या राईला त्याचेच नाव आहे. परंतु ती झाडे लावून घेणारा माणूस दुसरा होता. चातू मेनन हा स्थानिक अधिकारी उपसंरक्षक म्हणून नेमला गेला आणि १८६२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दशके, त्याने हे काम चालविले. त्याच्या देखरेखीखाली दहा लाखांहून अधिक सागाची झाडे लावली गेली. कोनोली १८५५ मध्ये मोपल्यांच्या हल्ल्यात मारला गेला. त्यानंतरची सात वर्षे लागवड थांबली नाही. नेतृत्व आणि सेवकांचे आचरण यांविषयी विचार करणाऱ्याने या सात वर्षांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. धनी गेल्यावर चाकराचे वागणे बदलले नाही, याचा अर्थ ती दृष्टी आता धन्याची उरली नव्हती. ती कामाच्या रीतीत मुरली होती.

असे का घडले असावे? एक कारण मोजमापाचे दिसते. वॉटसनच्या खात्यात यश मोजले जाई ते गोदीत पोचलेल्या लाकडावर. निलंबूरला ते मोजले जाई लावलेल्या आणि जगलेल्या रोपांवर. सागाचे झाड कापण्याजोगे होण्यास साठ वर्षे वा त्याहून अधिक काळ लागतो. कोनोलीला किंवा मेननला त्यांतले एकही झाड जहाजाला लागलेले दिसणार नव्हते. गंमत अशी की, ती झाडे तयार होईपर्यंत युद्धनौका लोखंडाच्या झाल्या आणि ज्या गरजेपोटी ती लावली गेली ती गरजच नाहीशी झाली. झाडे मात्र राहिली. दुसरे कारण मेननच्या स्थानात आहे. तो त्या प्रदेशातला माणूस होता; मजूर, माती, पाऊस आणि जमीनमालक या चारही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. कोनोलीने त्याच्या हाती काम सोपविले आणि फसलेल्या वर्षांचा हिशेब मागून त्याला गुंडाळले नाही. दोन-तीन हंगाम रोपे मेली तरी वरिष्ठाने पुन्हा बी पेरू द्यावे, ही कंपनीच्या कारभारात नित्याची गोष्ट नव्हती.

मुंबई इलाख्यात याच सुमारास डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा शल्यवैद्य जंगलांचा पहिला संरक्षक झाला (१८४७). त्याआधी तो पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक होता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि शेती बुडते, हे तो शासनाला कळकळीने लिहीत राहिला. त्याची दृष्टी कोनोलीपेक्षाही व्यापक होती असे म्हणता येईल. पण विस्तीर्ण इलाख्याच्या मानाने त्याच्या हाती असलेली माणसे अगदीच थोडी होती.

१८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ जंगल खात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या पद्धतशीर शिक्षणाचा पाया घातला गेला. त्याच वर्षीच्या कायद्याने मात्र राखीव जंगलात रयतेच्या पावलालाही परवान्याची गरज पडू लागली. स्वतः ब्रँडिसला गावांचे हक्क अधिक प्रमाणात राखावेसे वाटत होते. कायदा झाला तो त्याहून कडक मताच्या बाजूने. शास्त्र वर राहिले, दंडुका खाली आला. त्याची नोंद मराठीत कोणी घेतली असेल तर ती जोतीराव फुले यांनी. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी जंगल खात्याने डोंगर, टेकड्या, दऱ्या, गायराने आपल्या हद्दीत ओढल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना उभे राहण्यास जागा उरली नाही, आणि पानेफुले व सरपण विकून होणारी त्याची गुजराण संपली, असा आरोप केला आहे. वनरक्षणाचा इतिहास लिहिताना फुल्यांची ही साक्ष बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. वरिष्ठांचा हेतू आणि कनिष्ठांचे वर्तन यांतील अंतर मोजावयाचे तर ज्याच्या दारात शिपाई उभा राहतो त्याचीच साक्ष घ्यावी लागते.

हे अंतर कमी करण्याचा एक प्रयोग स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमध्ये झाला. मेदिनीपूर जिल्ह्यातील अराबारी येथील शालवन जवळजवळ बुंध्यांपर्यंत तुटले होते. सरपण विकून जगणारे गावकरी आणि वनरक्षक यांच्यात झटापटी होत. वनखात्यातील अधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांना तेथे संशोधनासाठी शाल वाढवावयाचा होता, आणि पहारा वाढवून ते साधणार नाही हे त्यांनी ओळखले. १९७२ मध्ये त्यांनी अकरा गावांतील ६१८ कुटुंबांशी बोलणी केली. १२७२ हेक्टर वन गावांनी राखावे. त्यांना खात्याच्या कामावर मजुरी मिळेल, सरपण व इतर वनोपज घेता येईल, आणि पुढे शाल कापला जाईल तेव्हा उत्पन्नातील पंचवीस टक्के हिस्सा मिळेल. शालाचा बुंधा जिवंत असला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात, त्यामुळे नवी लागवड करण्याचीही फारशी गरज नव्हती; हवी होती ती केवळ उसंत.

अमात्यांच्या आज्ञापत्रातील धन्याचा संतोष आणि द्रव्य या दोन अटी अडीचशे वर्षांनंतर निराळ्या प्रदेशात, एकमेकांची वार्ता नसताना, पुन्हा समोर आल्या. परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे तो वनरक्षकाच्या कामात पडलेला फरक. पूर्वी त्याची चाकरी म्हणजे सरपणाची मोळी पकडणे. आता त्याच्या वरिष्ठाने गावाला शब्द दिला होता, आणि तो शब्द खरा ठरावा म्हणून रक्षकाला गावातल्या बैठकीत बसावे लागे, मजुरी वेळेवर पोचवावी लागे, कोणत्या भागात धुमारे फुटले आणि कोठे गुरे शिरली हे गावकऱ्यांकडूनच समजून घ्यावे लागे. ज्याला काल पकडले त्याच्याशी आज बोलावयाचे, हे खाकी गणवेशातील माणसाला सोपे नसते. बॅनर्जी स्वतः गावात येऊन बसत होते म्हणून रक्षकालाही बसणे कमीपणाचे वाटले नाही. १६७३ च्या पत्रातील उंदराच्या तपशिलाने जे काम केले असावे, तेच येथे वरिष्ठाच्या प्रत्यक्ष उपस्थितीने केले.

शब्द दिला होता तो एका अधिकाऱ्याने. शासनाचे धोरण त्यामागे नव्हते. अधिकारी बदलतात, आणि वाट पाहण्याची मुदत त्यांच्या बदलीच्या मुदतीपेक्षा बरीच मोठी होती. दरम्यान शालवन पुन्हा उभे राहिले, तरी हिस्सा देण्याचे वचन सरकारी कागदावर येण्यास वर्षे लागली. नैर्ऋत्य बंगालमधील वनांसाठी अशा सहभागी व्यवस्थेचा ठराव पश्चिम बंगाल सरकारने १९८९ मध्ये केला, आणि केंद्र शासनाचे सर्व राज्यांना उद्देशून असलेले परिपत्रक १ जून १९९० रोजी निघाले. त्यानंतर अनेक राज्यांत वनरक्षण समित्या नेमल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी समितीचा सचिव वनखात्याचाच कर्मचारी राहिला आणि हिशेबाची वही त्याच्याच पेटीत.